आंबोली-दोडामार्गची शिक्षकांसाठीची अभ्यास सहल : जा, पण आधी तारीख आणि कार्यक्रमपत्रिका नीट विचारून घ्या

बऱ्याच शिक्षक मित्रमैत्रिणींनी विचारलं की ती सिंधुदुर्गातली चार दिवसांची निसर्ग आणि संस्कृती अभ्यास सहल कशी झाली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. संस्थेचं नाव देत नाही कारण काही तक्रारी पण आहेत, आणि तशाही आता असल्या सहली घेणारे बरेच झालेत, त्यामुळे कोणाकडेही बुक करा, विचारायचे प्रश्न हेच राहतील.

आधी मत सांगते. निसर्गाचा भाग एकदम अव्वल. संस्कृतीचा भाग मात्र जिथे त्यांनी "कार्यक्रम" म्हणून ठेवला होता तिथे फिका पडला, आणि जिथे तो जंगलातच भेटला तिथे अंगावर काटा आला.

आम्ही जूनअखेरच्या बॅचला गेलो. आंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे आपण नुसतं सांगतो वर्गात, पण तिथे रात्री पत्र्यावरचा पाऊस ऐकला की मग कळतं. पहिल्याच रात्री बेडकांसाठी नाईट ट्रेल होता. निघायच्या आधी गाईड दादांनी सगळ्यांना हात धुवायला लावले, डास पळवणारं मलम लावलेल्यांना तर साबणाने परत धुवून यायला सांगितलं, कारण बेडकाची कातडी सगळं शोषून घेते आणि आपल्या हातावरचं केमिकल थेट त्याच्या अंगात जातं. खरं तर हात लावायचाच नव्हता, तरी धुवायला लावले. मला हे फार आवडलं.

आणि मग मलबार ग्लायडिंग फ्रॉग बघितला. एका सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला, साबणाचा फेस कोणी फासलाय असंच वाटतं आधी. मादी मागच्या पायांनी घुसळून घुसळून तो फेस करते, त्यात अंडी, बाहेरून तो थोडा सुकतो आणि आत ओलावा टिकतो, आणि मग काही दिवसांनी पिल्लं म्हणजे टॅडपोल खाली पाण्यात टपकतात. दादांनी लगेच काही सांगितलं नाही, टॉर्च खाली पाण्यावर मारला आणि विचारलं की हे घरटं इथेच का केलं असेल, पाच मिनिटं आम्ही चाळीस-पन्नाशीतले लोक पोरांसारखे उत्तरं देत होतो. प्रत्येक ठिकाणी असंच, आधी प्रश्न, मग वाट बघणं, मग गरज असेल तेवढंच सांगणं. आपली प्रशिक्षणं आठवा, दिवसभर स्लाईड वाचून दाखवतात, त्याच्यापुढे हे म्हणजे सोनं.

दुसऱ्या दिवशी सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, लोक ज्याला पडीक म्हणून मोकळे होतात. तिथल्या टीचभर खोल डबक्यात आंबोली टोड अंडी घालतो, ही जात शास्त्राला माहीत झाली २००९ साली, आणि आंबोली-चौकुळ परिसर सोडला तर फारच थोड्या जागी सापडते. डबकं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हायचं असतं, म्हणजे मध्ये चार दिवस पावसाने दडी मारली की खेळ खलास. प्रत्येक गटाला एक मीटर बाय एक मीटरची सुतळीची चौकट दिली आणि तेवढ्यात काय काय आहे ते लिहून काढा म्हणाले. शेवाळ, गवताचे प्रकार, मुंग्या, गोगलगाय, एक खेकडा, आमचं पान भरलं. ही अॅक्टिव्हिटी मी येऊन आठवीला शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत घेतली, खर्च फक्त सुतळीचा. माझ्या मते या एका गोष्टीसाठी फी वसूल. फुलं बघायची असतील तर मात्र जून नको, सड्यावर रंग चढतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात, सीतेची आसवं, दवबिंदू वगैरे तेव्हाच. हे त्यांनी बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं, जाहिरातीत फुलांचा फोटो आणि बॅच जूनची हे बरोबर नाही.

हिरण्यकेशीला पण नेलं. तिथल्या कुंडात सापडलेल्या छोट्याशा माशाची नवीन जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. देवाचं पाणी म्हणून तिथे कोणी मासे मारत नाही असं तिथल्या गुरवांनी सांगितलं. आणि एक गंमत, समुद्र इतका जवळ पण या नदीचं पाणी घटप्रभेतून कृष्णेला जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात! नकाशा काढून पोरांना हे दाखवा, भूगोलवाल्यांना पाणलोट शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पण ज्यासाठी मी परत जाईन ते म्हणजे दोडामार्गकडची हेवाळे-बांबर्डेची देवराई. तिथे मायरिस्टिकाची दलदल आहे, म्हणजे जायफळाच्या नात्यातली जंगली झाडं चिखलपाण्यात उभी, आणि खोडाच्या खालून आधारमुळं निघून चिखलात रुतलेली, खाडीतल्या कांदळासारखी. केरळ, कर्नाटक आणि शेजारच्या गोव्यात अशा दलदली माहीत होत्या, सत्तरीतली निरंकाराची राई तर प्रसिद्धच, पण महाराष्ट्रात पण अशी जागा आहे हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. आत जायच्या आधी गावातल्या एका आजोबांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि देवाला गाऱ्हाणं घातलं, म्हणजे प्रार्थना केली, "बा म्हाराजा, ही मास्तर लोकां रान बघूक इली हत, तेंका सांभाळ", आणि बाजूचे दोघं "व्हय म्हाराजा". मग सांगितलं की इथलं पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. एका सरांनी विचारलं कोणी नेलं तर? आजोबा म्हणाले, "कित्याक नेतलो?" म्हणजे नेईलच कशाला. बास. एवढ्यावर विषय संपला. ही दलदल उरली ती या अशा माणसांमुळे, सरकारी बोर्ड नंतर लागला. पर्यावरण आणि संस्कृती हे दोन वेगळे धडे नाहीत हे मला तिथे अनवाणी चिखलात उभं राहून कळलं.

आता तक्रारी. दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य. माहितीपत्रकात मोठ्ठं लिहिलं होतं "दशावताराचा अनुभव". दशावताराचा सिझन असतो दिवाळीनंतरच्या जत्रांपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, रात्रभर, देवळासमोर. जूनअखेरीस कुठला? मग काय केलं, हॉटेलच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाऊण तासाचा तुकडा करायला लावला कलाकारांना, मागे आमचा चहा-भजी चालू. कलाकार जीव तोडून करत होते हो, संकासुर आला तेव्हा हॉल हलला, पण त्यांना असं उरकायला लावणं मला अजिबात पटलं नाही. पिंगुळीचंही तेच, तिथे चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, ज्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिथे फक्त एक तास, तोही परतीच्या वाटेवर, निम्मे लोक गाडीत झोपलेले. सावंतवाडीत चितारआळीत मात्र दुपारभर खरेदी. लाकडी खेळणी सुंदरच आहेत, पण ती पारंपरिकपणे पांगाऱ्याच्या लाकडाची करतात आणि पांगारा हे इथल्याच रानातलं झाड, हा धागा कोणी जोडून दिला असता तर ती दुपार पण अभ्यासाची झाली असती. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बनवताना पण बघायला मिळाला नाही, नुसता विकत घ्यायला मिळाला.

दुसरं, आमच्या शाळा पंधरा जूनला सुरू होतात, त्यामुळे मला सीएल म्हणजे किरकोळ रजा टाकून जावं लागलं. सर्टिफिकेट मिळतं पण ते आपल्याकडे प्रशिक्षण म्हणून धरत नाहीत, हे आधी विचारून घ्या.

जेवण झकास. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी. राहायची सोय साधी, कपडे वाळत नाहीत, बाथरूम ठीक. जळवा लागतात, घाबरू नका, लांब मोजे घ्या. छत्री उपयोगाची नाही, चांगला रेनकोट आणि वहीला प्लास्टिकची पिशवी. वीकेंडला धबधब्यावर तुफान गर्दी असते आणि रात्री रस्त्यावर बेडूक गाड्यांखाली येतात, म्हणून मधल्या वारांची बॅच घ्या आणि अंधार पडल्यावर गाडी नको, पायीच नेणार ना हे विचारा.

फी साडेनऊ हजार, प्रवास वेगळा. पाचपैकी चार देईन. बुक करताना एवढं नक्की विचारा की देवराईला किती वेळ आहे, आणि बरोबर गावातलं कोणी असणार आहे का. संस्थेला पण मी हेच कळवलंय, की दशावतार जूनमधून काढा आणि डिसेंबरात शिक्षकांची वेगळी बॅच करा, रात्रभर जत्रेत बसवा, आम्ही येऊ.