मॅग्नेशियमचे मिश्रधातू: आठ महिने वापरल्यावर

कॅमेरा रिगच्या फ्रेम बनवायला अॅल्युमिनियम सोडून मॅग्नेशियमकडे वळले ते फक्त वजनासाठी, मॅग्नेशियमची घनता १.७४ आणि अॅल्युमिनियमची २.७० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो.

सुरुवात एझेड ३१ या मिश्रधातूच्या दीड मिलिमीटर शीटने केली, त्यात साधारण ३ टक्के अॅल्युमिनियम आणि १ टक्का झिंक. अॅल्युमिनियमसारखीच वाकेल असं धरून ३ मिलिमीटर रेडियसवर (वाकाची त्रिज्या) थंडच वाकवली तर बाहेरच्या बाजूने सरळ तडा गेला. मग समजलं की मॅग्नेशियमची स्फटिकरचना षटकोनी असते, थंड असताना तिचे थर मुख्यतः एकाच प्रतलात घसरतात, आणि रोलिंगमध्ये, म्हणजे शीट लाटताना, ती प्रतलं शीटला समांतर बसतात, त्यामुळे शीटला जाडीच्या दिशेने बारीक होताच येत नाही. तीच शीट आणि डाय (वाकवायचा साचा) दोन्ही २५० अंशापर्यंत गरम केले तर त्याच रेडियसला छान वाकली! थंडच वाकवायची तर रेडियस जाडीच्या साडेपाचपट तरी ठेवा.

झिंकसोबत थोडंसं कॅल्शियम असलेली शीट नंतर मिळाली आणि खरं सांगते, माझं मतच बदललं. कॅल्शियम किंवा रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा धातू) अगदी थोडं टाकलं तरी ती प्रतलं एकाच दिशेला न बसता विखुरतात, म्हणून शीट थंडसुद्धा बरीच जास्त वाकते.

झेडके ६० या झिंक-झिर्कोनियमवाल्या मिश्रधातूचा दांडा मात्र मस्त मजबूत, झिर्कोनियममुळे ग्रेन (धातूतले स्फटिककण) बारीक होतात. पण वेल्डिंगला तडे जातात, तिथे एझेड ३१ च बरं. आणि एक्सट्रूड केलेल्या (साच्यातून दाबून काढलेल्या) एझेड ३१ च्या दांड्याची ताणातली यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा वाकायला लागतो ती मर्यादा, २०० मेगापास्कलच्या आसपास असली तरी दाबात ती जवळपास निम्मीच भरते, हे डेटाशीटवर नीट बघा, मी फक्त ताणातला आकडा बघून डिझाइन केलं होतं आणि रिगचा एक पाय वाकला.

एझेड ९१ म्हणजे ९ टक्के अॅल्युमिनियम, कास्टिंगला उत्तम. पण ग्रेनच्या कडेला बसणारं मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं संयुग साधारण १२० अंशाच्या वर मऊ पडतं, माझ्या गरम मोटरजवळच्या ब्रॅकेटचे बोल्ट महिन्याभरात ढिले झाले.

पुढच्या फ्रेमचे वाकवायचे भाग झिंक-कॅल्शियमचे, सरळ दांडे झेडके ६० चे आणि एझेड ९१ मोटरपासून लांब.