मूनड्रॉप चू २ : कानबाईच्या गाण्यांवर पारखलेला इअरफोन

इअरफोनचा आवाज नॅचरल आहे की नाही, हे सिनेमाच्या गाण्यावरून ठरवू नये, असं माझं ठाम मत. ते गाणं स्टुडिओत कसं वाजलं होतं, हे आपण कुठे ऐकलंय? चू २ घेतला तेव्हा मी लावलं ते अमळनेरला मामीकडे श्रावणात मोबाइलवर केलेलं, खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाचं रेकॉर्डिंग. त्या खोलीत मी स्वतः बसलो होतो. मोबाइलचा माइक आपलं थोडं मिसळतोच, पण आधीच्या आणि या इअरफोनवर रेकॉर्डिंग एकच, म्हणून तुलना चालते.

मामीचा पुढचा एक दात पडलाय. 'स' आला की बारीक शिट्टी वाजते. चू २ मध्ये ती जशीच्या तशी ऐकू येते, आणि टोचत नाही. माझ्या आधीच्या इअरफोनमध्ये (कंपनीचं नाव राहू द्या) ढोलकीची धुम इतकी फुगायची, की मामी जाड पडद्याआडून गातेय असं वाटायचं. इथे धुम वाजते आणि लगेच थांबते. टाळ मात्र प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त चमकतात. लख्ख आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी आधी ऐकून बघावं.

यामागचं कारण कानातच आहे. आपली कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, आणि ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आपसूक वाढवते. इअरफोनने नळी बुजली की हा हिशोब बिघडतो, मग तो उठाव बनवणाऱ्याला ट्यूनिंगमध्ये भरून काढावा लागतो. कमी पडला तर गळा दबतो, जास्त झाला तर पेटी कर्कश लागते. चू २ ची पेटी मला पेटीच वाटली.

कानात जाणाऱ्या रबराच्या टोपीकडे लक्ष द्या. मधल्या मापाचं रबर माझ्या कानात सैल बसलं आणि बेस गायब. मोठं लावल्यावर धुम परत आली. दुकानात कसाबसा अडकवून "बेसच नाही" म्हणणारे इथेच फसतात. दोन इअरफोन ताडताना आवाजही सारखाच ठेवा, कारण मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. मोबाइलचा इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारी सोय) बंद.

मामीच्या कानात घातला तर म्हणाली, "हाऊ मन्हा आवाज नही शे!" तिची साक्ष धरायची नाही. स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे रेकॉर्डिंग सगळ्यांनाच परकं वाटतं. मामाने मात्र ऐकल्याबरोबर ओळखलं, वर कोणत्या ओळीला ती चुकली तेही सांगितलं. त्यावरून दोघांचं जुंपलं, तो भाग वेगळा.

आत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर), वायर काढून बदलता येते. मोबाइलला गोल पिनची जागा नसेल तर टाइप-सी पिनवाला, डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेला प्रकार बघा. लग्नातल्या डीजेचा दणका हवा असेल, तर पैसे दुसरीकडे घाला.