आईचा केअर प्लॅन इथे खरंच बदलतो

वृद्धांच्या केअर सेंटरविषयी लिहिताना बहुतेक जण खोल्या, स्वच्छता, स्टाफचं वागणं यावर लिहितात. ते सगळं इथे चांगलं आहे. पण आईला आम्ही इथेच ठेवलंय ते तिच्या केअर प्लॅनमुळे, म्हणजे तिची काळजी कशी घ्यायची याच्या लेखी आराखड्यामुळे.

दाखल झाली तेव्हा आई वॉकर धरून एकटी बाथरूमला जायची. मध्यंतरी न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलमधून परतली ती पार खंगून. सिस्टरांनी त्याच दिवशी सगळं पुन्हा तपासलं. आडवं असताना बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरला. म्हणजे उठताना चक्कर येऊन पडायची भीती. लगेच प्लॅनमध्ये आलं: आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचं, मग एकाने धरून उभं करायचं. बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांनाही विचारलं. ब्रेडन स्केलवर (बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचा धोका मोजायची पद्धत; स्कोअर कमी तितका धोका जास्त) स्कोअर १८ च्या खाली आला, तेव्हा त्या होऊ नयेत म्हणून एअर मॅट्रेस आणि कूस बदलायच्या वेळा ठरल्या.

मला सगळ्यात भावलं ते जेवणाचं. महिन्याभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं होतं. भूक गेली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. भरवणाऱ्या मावशींनी मात्र पाहिलं की आई घास तोंडात घोळवते आणि हळूच रुमालात काढून ठेवते. कवळी सैल झाली होती! मावशींचं निरीक्षण त्याच दिवशी फाइलमध्ये गेलं, दंतवैद्य येईपर्यंत मऊ जेवण सुरू झालं.

आणि तब्येत सुधारली तसा आधार कमीही केला. हे फार कमी ठिकाणी होतं. धरून चालवणं सोपं पडतं म्हणून चालूच ठेवतात, आणि माणसाच्या पायातलं उरलंसुरलं बळही जातं.

तक्रार एकच, पण गंभीर. बदललेला प्लॅन बदली स्टाफपर्यंत वेळेवर पोचत नाही. एका रात्री नव्या मुलीने आईला झोपेतून थेट उभं केलं. फाइल ऑफिसच्या कपाटात, तिला कोण सांगणार? आता मॅनेजरांनी पलंगाशेजारी तारखेसह एक कागद लावलाय, तोही आमच्या मागणीनंतर. सगळ्याच खोल्यांत तो लागेपर्यंत पाचवा स्टार मी देणार नाही.