आइस हॉकीचा कोच निवडताना: आमचे दोन हंगाम, दोन कोच

टोरांटोच्या आसपास राहणारे मराठी पालक ट्रायआउट (संघ निवडीची चाचणी) जवळ आले की हमखास विचारतात: जिंकून देणारा कडक कोच बरा, की शिकवणारा? आमच्या मुलाने दोघांकडे एकेक हंगाम काढला. तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता, त्यामुळे मोठ्या मुलांचं गणित वेगळं असू शकेल.

पहिले कोच स्वतः चांगल्या पातळीवर खेळलेले. स्केटच्या कडांवर वळणं त्यांनी घोटून घेतली, त्याचा फायदा मुलाला आजही होतो. पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना एक जण जास्त घेऊन केलेला खेळ, बघत राहावा असा. संघ बहुतेक सामने जिंकायचा. दुसरे कोच पेशाने शिक्षक. ते सरावाला बर्फाच्या मैदानाचे तीन भाग करतात आणि तीन विरुद्ध तीन खेळवतात. रांगेत उभं राहणं जवळजवळ नाहीच, पक (खेळातली चपटी रबरी चकती) सतत प्रत्येकाच्या स्टिकला लागतो. मात्र पॉवर प्ले विस्कळीत, आणि पराभव पुष्कळ.

एवढ्यावर मी पहिल्यांकडेच राहिलो असतो. ठरलं ते एका वेगळ्याच गोष्टीवरून.

पहिल्या कोचकडे असताना एका सामन्यात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, पीरियडच्या सुरुवातीला मुलाने आपल्याच गोलसमोरून आडवा पास दिला. पक हिसकावला गेला, गोल झाला. तो बेंचवर आला आणि सामना संपेपर्यंत तिथेच बसून राहिला. ठरावीक पोरंच आलटून पालटून खेळत होती, बाकीची थंडीत बसलेली. बसवलं याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. पण कुणी त्याच्याशी एक शब्द बोललं नाही. परतताना गाडीत त्याने विचारलं, "बाबा, माझं नक्की काय चुकलं?" मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, मला सांगता येईना. आपण हळू स्केटिंग करतो म्हणून बसवलं, असं त्याने मनाशी धरलं. पुढचे कित्येक सामने पक आला की तो घाईघाईने बोर्डवर (मैदानाभोवतीच्या भिंतीवर) आपटून मोकळा व्हायचा.

मोठे कोचही खेळाडूंना बसवतात, असं मला समजावलं गेलं. खरंच आहे. १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध सोव्हिएत कोच तिखोनोव यांनी पहिल्या पीरियडनंतर ट्रेत्याकसारख्या गोलकीपरला बसवलं. गुण तेव्हा २-२ होते, सोव्हिएत संघ ४-३ असा हरला. समोरचे अमेरिकन कोच हर्ब ब्रुक्स काही मऊ नव्हते. त्याआधीच्या सप्टेंबरात नॉर्वेशी ३-३ बरोबरी झाल्यावर त्यांनी सामना संपल्यावरही पोरांना बर्फावर पळवलं होतं. पण ते स्वतः अंतर ठेवत, तरी खेळाडूंशी बोलायला सहायक क्रेग पॅट्रिक होते. त्यामुळे कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. कोच स्कॉटी बाउमन यांनी नऊ स्टॅनली कप (एनएचएल या व्यावसायिक लीगचं विजेतेपद) जिंकले ते काही सगळ्यांना समान वेळ देऊन नव्हे. फक्त त्यांचे खेळाडू पगारी होते, आमचा सहावीत होता.

दुसऱ्या कोचकडे नोव्हेंबरात तीच चूक झाली, तसाच आडवा पास, तसाच गोल. कोच त्याच्याशेजारी वाकले, हातातल्या छोट्या फळ्यावर दोन रेघा मारल्या, काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली. त्याची एक शिफ्ट (बर्फावरची पाळी) चुकली, म्हणजे पाऊण मिनिट. पुढच्या शिफ्टला तो परत बर्फावर. आपल्या कोपऱ्यात पक मिळाल्यावर या वेळी त्याने मान वर करून बघितलं आणि बोर्डच्या कडेने पास काढला.

तुमचं मूल वरच्या लीगच्या उंबरठ्यावर असेल आणि बसवलेलं मनाला लावून घेत नसेल, तर पहिल्या प्रकारचा कोच कदाचित जास्त उपयोगी पडेल. आम्ही दुसऱ्यांकडे राहिलो, आणि यंदाही तिथेच आहोत.

ट्रायआउटच्या आधी त्या कोचचा एक सामना बेंचजवळच्या काचेशी उभं राहून बघा. चूक करून परत आलेल्या पोराच्या शेजारी कोण जातं, तेवढं पाहा.