जर्मन क्लासची उच्चार-पुस्तिका: हाताशी दोन 'च', छापला एकच

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका क्लासात ए-वन (सगळ्यात पहिल्या पातळीच्या) बॅचला फीबरोबर ही देवनागरीतली झेरॉक्स पुस्तिका मिळते. मराठी मुलांना इंग्रजी पुस्तकांपेक्षा ती बरी, पण हुकमाचा पत्ता तिनं हातातच ठेवलाय.

जर्मन 'झेड' म्हणजे 'त्स'. आपल्याकडे तो 'चाक', 'चोर'मधल्या दंत्य (दातांमागे जीभ टेकणाऱ्या) 'च'मध्ये आयता आहे. पुस्तिकेत मात्र सरसकट एकच 'च', दंत्य 'च' दाखवणारा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) कुठंच नाही. मग 'त्सू' बरोबर येतं, पण 'त्सिमर' (खोली) 'चिमणी'च्या चालीवर 'चिमर' होतं. मराठीत 'इ', 'ए'आधी 'च' तालव्य (टाळूवरचा) होतो ना! इलाज सोपा: जीभ दातांमागे टेकवून 'त्'वर क्षणभर थांबायचं, मग 'सि' सोडायचा. बॅचमधल्या कन्नड माध्यमाच्या मुलांना 'चाक'चा दाखला कामाचा नाही, त्यांना 'त्स'च लिहून द्यावं.

'व्ही' आणि 'डब्ल्यू'चं पान उत्तम. 'फोल्क्सवागेन' या एका शब्दात दोन्ही नियम बसवलेत: 'व्ही'चा फ, 'डब्ल्यू'चा व. 'वाझे' (फुलदाणी) हा 'व्ही'चा अपवादही दिलाय. शब्दाअखेरचा 'ग' 'क' होतो हे 'बाग' आणि 'बाक' शेजारी ठेवून समजावलंय, त्यामुळे 'टाक' (दिवस) लगेच जिभेवर बसतो.

'सीएच'ला मात्र पुस्तिका आपटते. 'मी'साठी सरळ 'इश' छापलंय. अशानं 'चर्च' आणि 'चेरी' यांसाठीचे दोन जर्मन शब्द एकसारखेच ऐकू येतील. 'ही' म्हणताना जीभ जिथं असते तिथंच ठेवून, आवाज न काढता नुसती हवा सोडा, म्हणजे जमतं. 'आ', 'ओ', 'उ'नंतरचा 'सीएच' वेगळा, घशातून खरखरीत 'ख'. 'बूख' (पुस्तक) तसाच. हा फरक पुस्तिकेत अर्ध्या ओळीत उरकलाय.

'दास' (की) अजून जुन्या पद्धतीनं 'एसत्सेट' (ß हे अक्षर) वापरून लिहिलाय. 1996च्या सुधारणेपासून ऱ्हस्व स्वरानंतर दोन 'एस' येतात. 'श्ट्रासे'त (रस्ता) स्वर दीर्घ, म्हणून तिथं 'एसत्सेट' टिकला. 2014 साली स्वतःच्याच नावाचं स्पेलिंग बदललेल्या गावात ही चूक राहावी, याची गंमत वाटते.

पुस्तिका घ्यायला हरकत नाही. फक्त पहिल्याच दिवशी पेन्सिलीनं प्रत्येक दंत्य 'च'खाली टिंब द्या आणि 'इश' खोडा.