धक्क्याच्या लाकडी खांबांना पीव्हीसीचे आवरण: सेवेचा अनुभव

आमच्या खाडीकाठच्या लाकडी धक्क्याच्या खांबांना लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवांपासून वाचवण्यासाठी एका स्थानिक कंत्राटदाराकडून पीव्हीसीचे आवरण बसवून घेतले असून, काम एकंदरीत समाधानकारक आहे. टेरेडो हा अळीसारखा दिसणारा शिंपला पिल्लू असताना अगदी बारीक छिद्रातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढतो, त्यामुळे बाहेरून धडधाकट वाटणारा खांब आतून पोखरलेला असतो. लिम्नोरिया हा इवलासा कवचधारी जीव मात्र बाहेरून कुरतडत भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांबाची कंबर बारीक करतो. त्याची एक जात तर क्रिओसोट या लाकूड टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डांबरी रसायनालाही दाद देत नाही, म्हणून मला नुसत्या रसायनावर विसंबायचे नव्हते.

आवरणाच्या आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की आधीच शिरलेले जीवही गुदमरून मरतात, मात्र त्यासाठी वरची आणि खालची कड घट्ट बंद हवी. कामगारांनी ओहोटी साधून खांबांवरची कालवे काळजीपूर्वक खरवडली, गंजणार नाहीत असे खिळे वापरले आणि वरची कड भरतीच्या रेषेच्या बरीच वर नेली. एका खांबापाशी मात्र चिखल पुरेसा न उकरता आवरण वरच्यावरच संपवले होते, आणि ती उघडी फट म्हणजे किड्यांना मोकळे दार होते. वारंवार फोन केल्यावर त्यांनी ते विनामोबदला खाली वाढवून दिले. होडी जिथे घासते तिथे आवरण फाटू नये म्हणून जाड फळी आधीच मागून घ्यावी. ती त्यांच्या दरात धरलेली नसते.