यशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन, नऊ महिन्यांनंतर: आधी ‘टक्’ ऐका, मग पैसे द्या

गेल्या ऑक्टोबरात चाळीसगावच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटातून हा कॅमेरा मी 3,500 रुपयांना घेतला. चाळीसगाव हे छायाचित्रकार केकी मूस यांचे गाव असल्यामुळे तिथल्या कोणत्याही जुन्या कॅमेऱ्याला उगाचच एक वलय लाभते, आणि माझ्यासारखे गिऱ्हाईक एरवी भाजीत दोन रुपयांसाठी घासाघीस करत असले तरी त्या वलयाचे पैसे मुकाट्याने मोजते. या कॅमेऱ्याची तांत्रिक कोष्टके सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ती पुन्हा देत नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः त्याच्या पोटातल्या मसुराच्या डाळीएवढ्या रबराच्या तुकड्याविषयी.

धडधाकट इलेक्ट्रोची, फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढली की आतून ‘टक्’ असा ठसठशीत आवाज येतो. बटणाखालची दांडी जागेवर परत बसल्याची ती खूण असते, आणि ती जागेवर बसते ती या रबरामुळे. रबर कुजले की दांडी अर्धवट अडकून राहते, आतले विजेचे संपर्क जुळत नाहीत आणि शटरची पाती किती वेळ उघडी राहतील याचा भरवसा उरत नाही. जीएसएन 1973 साली बाजारात आला, तेव्हा इतक्या वर्षांनी रबराचे भुसकट होणारच. त्याबद्दल कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. माझा राग आहे तो स्वतःवर, कारण विकणाऱ्याने लिव्हर ओढून दाखवली तेव्हा काहीही आवाज आला नाही आणि ‘किती मऊ चालते!’ असे उद्गार मीच काढले.

पहिला रंगीत रोल दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांवर खर्च केला. चार एलआर44 (बटणाएवढे) सेल पेनातल्या स्प्रिंगच्या आणि पुठ्ठ्याच्या नळीच्या आधाराने बसवले होते, कारण मूळची 5.6 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. या चार सेलांचे 6 व्होल्ट होतात आणि कॅमेरा तेवढी वाढ निमूट पचवतो. मागचे बटण दाबले की फ्रेम मोजणाऱ्या खिडकीत हिरवा उजेड पडत होता, नजरेच्या खिडकीत लाल आणि पिवळे बाणही लागत होते, म्हणून विजेचे काम चोख आहे असे मी धरून चाललो. रोल मुंबईहून धुऊन आला तेव्हा 36 पैकी 31 निगेटिव्ह डांबरासारख्या काळ्या होत्या, म्हणजे शटर हवे त्याहून जास्त वेळ उघडे राहिले होते. रोलचे 900, धुण्याचे व स्कॅनचे 400 आणि कुरियरचे 120 असे 1,420 रुपये झाले होते, म्हणजे दर फ्रेमला 40 रुपयांच्या आसपास. तापीच्या काठावर दुपारच्या उन्हात उधळलेला एक पांढरा घोडा त्या डांबरात कायमचा बुडाला, याचे दुःख त्या चाळीस रुपयांहून मोठे आहे असे म्हणायला मला आवडले असते, पण तसे ते नाही.

जानेवारीत कॅमेरा एका मोठ्या शहरातल्या दुरुस्ती केंद्राकडे पाठवला. सोबत पानभर पत्र लिहून रबराची शंका स्पष्ट मांडली होती. तीन आठवड्यांनी ‘सर्किट गेले आहे, सुटे भाग मिळत नाहीत’ अशी एका ओळीची चिठ्ठी आणि 800 रुपयांचे तपासणी शुल्क यांसह कॅमेरा परत आला. वरच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत जो काळा मळ मी पाठवताना पाहिला होता तो जसाच्या तसा होता. पेचकस त्यांना शिवलासुद्धा नव्हता. फोनवर हे सांगितले तेव्हा, ‘साहेब, एवढ्यात चांगला मोबाईल आला असता,’ असे उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत.

इथवरचा मजकूर मी फेब्रुवारीत लिहून ठेवला होता आणि त्याखाली ‘हा कॅमेरा घेऊ नये’ असे ठळक लिहिले होते. ते वाक्य आता खोडले आहे, त्याचे कारण धुळ्याच्या आग्रा रोडवर भेटले. नव्या सेलांसाठी ज्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी सहज म्हणून कॅमेरा मागून घेतला, डोळ्याला भिंग लावले आणि अर्ध्या तासात झाकण उतरवले. चिमट्याच्या टोकावर आलेला काळा चिकट गोळा माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “भाऊ, मशीन चांगलं शे, रबर सडी गयं.” सायकलच्या ट्यूबचे दोन थर चिकटवून त्यांनी नवा तुकडा कापला. पहिला जाड झाला आणि लिव्हर मध्येच अडू लागली. दुसरा पॉलिश कागदावर घासत, बसवत, काढत, पुन्हा घासत त्यांनी चौथ्या खेपेला लिव्हर ओढली, आणि ‘टक्’. तो आवाज मी त्या दिवशी आयुष्यात प्रथम ऐकला. मजुरी 150 रुपये घेतली, आणि मागच्या दाराच्या खाचेतला, उजेड अडवणारा पण वितळलेला फोम खरवडून तिथे काळी लोकर कशी बसवायची हे फुकट सांगितले.

त्यानंतरचे सहा रोल पाहता मागचे मत मला निम्म्याहून अधिक बदलावे लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी चुलीवरच्या खापरावर मांडे टाकत होती आणि स्वयंपाकघरात जाळाखेरीज उजेड नव्हता. भिंगाचे छिद्र एफ 1.7 वर पूर्ण उघडले, ‘वेळ लागेल’ असे सांगणारा पिवळा बाण लागला, तरी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून श्वास रोखला. पाती उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज इतका बारीक असतो की मावशीने मान वर केली नाही. त्या निगेटिव्हमध्ये तिच्या मनगटावर लोंबणारा मांडा आणि त्याच्या पातळ कडेतून आरपार दिसणारा जाळ आला आहे. शटरचा वेग किती होता हे कॅमेरा सांगत नाही. तो हवा तो वेग स्वतः धरतो, अगदी 30 सेकंदांपर्यंत. ज्यांना वेग हातात हवा त्यांनी हा कॅमेरा घेऊ नये. सेल संपले तर तो फक्त 1/500 सेकंदावर चालतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रकाश मोजणारा डोळा भिंगाच्या मागे नसून वर बाहेर असतो, त्यामुळे भिंगावरची टोपी काढायची राहिली तरी कॅमेरा तक्रार करत नाही. असे सहा फोटो मी काढले आहेत. अधिक काही सांगत नाही.

खर्च वाचवण्यासाठी मे महिन्यापासून कृष्णधवल रोल घरीच धुतो. एचपी5 प्लस फिल्म, डी-76 या डेव्हलपरचे पाणी न मिसळलेले मूळ द्रावण, 20 अंशांना साडेसात मिनिटे, हे पुस्तकात ठीक. खानदेशात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात पोळवते. द्रावण गरम असले तर वेळ कमी करता येते, परंतु ती पाच मिनिटांच्या खाली गेली की फिल्मवर डाग उठण्याची भीती असते. माठातल्या पाण्याच्या घमेल्यात बर्फाच्या पिशव्या टाकून मी सगळ्या बाटल्या एकत्र ठेवतो, कारण एक द्रावण थंड आणि धुण्याचे पाणी गरम असले तर फिल्मवरच्या थराला सुरकुत्या पडून जाळी उमटते. दुसऱ्या रोलला ती उमटली. आमच्या घरी तिला कलात्मक परिणाम मानण्याचा प्रयत्न झाला, पण बर्फाचे 20 रुपये कोणाच्याच डोळ्यांआड गेले नाहीत.

घेणाऱ्यांनी भिंगाची बुरशी, घासलेल्या कडा आणि चामड्याची पेटी नंतर पाहावी. आधी रिकाम्या कॅमेऱ्याची लिव्हर सावकाश ओढावी, बटण दाबावे, पुन्हा ओढावी आणि पंखा बंद करायला सांगून कान लावावा. विकणारा फोनवर असेल तर व्हिडिओ आवाजासकट मागवावा. आवाज येत नसेल तर किंमत निम्मी करून मागावी. मी तशी मागायला हवी होती.

सध्या कॅमेऱ्यात सतरावी फ्रेम आहे. परवा लिव्हर ओढली तेव्हा आवाज किंचित बोथट वाटला, की पावसाळी हवेने माझ्याच कानांना दडे बसले होते, कोण जाणे. काकांनी ट्यूबचा उरलेला तुकडा फिल्मच्या डबीत घालून दिला आहे. ती डबी मी सेलांच्या शेजारी ठेवली आहे.